लेख शोधण्याचे काम यंत्राचे, छापण्याचे माणसाचे

विषयाचा शब्द दिला की सॉफ्टवेअरने पुनर्मुद्रणासाठी खुले लेख शोधावेत आणि थेट संकेतस्थळावर टाकावेत, या सूचनेचा पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध नाही. आमच्या नागपुरात संत्रा बागायतदारांसाठी चालणाऱ्या एका संकेतस्थळावर असाच फ्लोरिडातील लेख आपोआप झळकला; त्यात झाडे गोठू नयेत म्हणून थंडीच्या रात्री पाणी फवारण्याचा सल्ला होता, पण आंबिया किंवा मृग बहाराचा (इथल्या संत्र्याच्या फुलोऱ्याच्या दोन हंगामांचा), बहार धरण्यासाठी बागेला द्यायच्या ताणाचा (काही काळ पाणी तोडण्याचा) शब्दही नव्हता. शेतकऱ्याचे हंगामी उत्पन्न अशा सल्ल्यावर टांगणीला लागते, म्हणून मी हे कळकळीने लिहीत आहे.

दुसरे असे की, लेखाखालचा लेखकाचा परिचय आणि दुवा हाच बहुधा अशा लेखांचा मोबदला असतो, आणि मजकूर उचलताना नेमका तोच गळू शकतो. लेखकाचा श्रेयाचा हक्क 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 मध्ये स्पष्ट आहे. शिवाय 2011 मध्ये गूगलने शोधनिकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत केलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलानंतर निव्वळ उसन्या मजकुरावरची अनेक संकेतस्थळे शोधनिकालांत मागे पडली. सॉफ्टवेअरने आणलेला प्रत्येक लेख आधी मसुदा म्हणूनच साठवावा; परवानगीच्या अटी आणि स्थानिक उपयुक्तता तपासूनच संपादकाने तो प्रसिद्ध करावा.