फ्लूचा व्हायरस आठच्या आठ तुकडे बरोबर भरतो कसा?

रत्नांग्री_मायक्रो: टीवायला आहे, रत्नागिरीत. इन्फ्लुएंझा ए चा जीनोम आठ आरएनए तुकड्यांचा, हे पाठ आहे. पण नवीन व्हायरस सेलमधून बाहेर पडताना प्रत्येकात आठही वेगवेगळे तुकडे जातात कसे? एकच दोनदा गेला नि दुसरा राहिला असं होत नाही का? नोट्समध्ये नुसतं 'असेंब्ली आणि बडिंग' (म्हणजे जुळणी होऊन सेलच्या मेंब्रेनमधून फुगून बाहेर पडणं), पुढे काही नाही, आणि परवा व्हायवा आहे.

मालवणचो_झील: आधी गणित कर. डोळे झाकून आठ उचलले तर आठही वेगळे निघायची शक्यता ८ फॅक्टोरियल भागिले ८ चा आठवा घात, म्हणजे ०.२४ टक्के, चारशेत जेमतेम एक. दशावताराच्या टेम्पोत दोन राजे चढले आणि संकासूर राहिला तर नाटक होणार कसं रे? म्हणजे निवड होत असणारच.

देवगड_लॅबवाला: होतेच. तुकडा नुसता आरएनए नसतो, त्यावर एनपी प्रोटीन गुंडाळलेलं आणि टोकाला पॉलिमरेज (आरएनएची कॉपी करणारं एन्झाइम), याला व्हीआरएनपी म्हणतात. हे न्यूक्लियसमध्ये बनतात, बाहेर आल्यावर रॅब११ प्रोटीन वाल्या वेसिकल्सवरून (सेलमधल्या छोट्या पिशव्या) सेलच्या मेंब्रेनकडे जातात. खरी गंमत टोकांत आहे, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना पॅकेजिंग सिग्नल, म्हणजे तुकडा आत भरायची खूण असलेले आरएनएचे भाग, असतात आणि ते जीनच्या कोडिंग भागातही थोडे शिरलेले असतात. मधला जीन काढून जीएफपीचा (हिरवं चमकणारं प्रोटीन) जीन घातला नि टोकं तशीच ठेवली तर तो तुकडा मस्त आत जातो, पण सिग्नल बिघडवला तर तो बाहेर राहतोच, वर कधीकधी दुसऱ्या तुकड्यांचंही पॅकिंग बिघडतं, म्हणजे ते एकमेकांना धरून आत जात असणार. २००६ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बडिंग होणाऱ्या कणांचे आडवे छेद बघितले तर मध्ये एक आणि भोवती सात. हे ७+१ व्हायवात काढूनच दाखव, सर खूश.

रत्नांग्री_मायक्रो: भारी! मग कुठला तुकडा कुणाला धरतो ते ठरलेलं असतं का?

देवगड_लॅबवाला: एकच पक्का नकाशा नाही, स्ट्रेन (व्हायरसचा उपप्रकार) बदलला की जोड्याही बदलतात.

मालवणचो_झील: आणि एकाच सेलमध्ये दोन स्ट्रेन शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते ती वेगळीच. १९५७ आणि १९६८ च्या साथी अशाच आल्या, दोन्ही वेळा पक्ष्यांच्या फ्लूमधून एचए (व्हायरसच्या पृष्ठभागावरच्या प्रोटीनचा तुकडा) आला नि सोबत पीबी१ (पॉलिमरेजच्या एका भागाचा तुकडा) पण. हे विचारतीलच बघ.