आईचे युरिक ॲसिड ७.४ आले आहे. रक्तदाब त्यामुळेच वाढतो का?

प्रश्न (अमळनेर):
आईचे वय ७१ आहे. गेल्या वर्षापासून तिला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी सुरू आहे. नुकत्याच केलेल्या तपासणीत युरिक ॲसिड ७.४ निघाले; मात्र तिचा सांधा कधी सुजलेला नाही आणि मुतखड्याचा त्रासही नाही. नातेवाइकांनी तूरडाळ आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी बंद करायला लावली असून, युरिक ॲसिडची गोळी घेतली की रक्तदाबही उतरेल, असे ते सांगतात. यात तथ्य किती?

उत्तर (भुसावळ):
मी डॉक्टर नाही, औषधांच्या दुकानात आयुष्य गेले. क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध आहे आणि त्याने मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडणे कमी होते, त्यामुळे अहवालातला आकडा कदाचित रक्तदाबाच्या गोळीनेच वाढवला असेल. कमी मात्रेतील ॲस्पिरिननेही असे होते. उलट लोसार्टन या रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधाने युरिक ॲसिड थोडे उतरते. तरीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अहवाल आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे.

उत्तर (धुळे):
संबंध आहे, पण तो सरळ नाही. युरिक ॲसिड वाढले की रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, असे प्रयोगांत दिसते. आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या ३० किशोरवयीन रुग्णांवरील अभ्यासात ॲलोप्युरिनॉल या युरिक ॲसिड कमी करणाऱ्या औषधाने रक्तदाब उतरलाही होता. परंतु सत्तरीत रक्तवाहिन्या मुळातच ताठर झालेल्या असतात, मूत्रपिंडाची क्षमता घटलेली असते आणि स्त्रियांमध्ये पाळी गेल्यावर युरिक ॲसिड तसेही वाढते, त्यामुळे कोणाचे कारण कोण हे ठरवणे अवघड जाते. ब्रिटनमध्ये हृदयविकार असलेल्या, साठीपुढील पाच हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना ॲलोप्युरिनॉल देऊन पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय या औषधाने क्वचित त्वचेवर गंभीर, जिवावर बेतणारी प्रतिक्रिया उमटते. त्रास नसताना केवळ आकड्यासाठी ते सहसा देत नाहीत.

उत्तर (चोपडा):
डाळीवर उगाच राग काढला आहे. वनस्पतिजन्य प्युरिनने (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनते) गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा, धोका वाढल्याचे मोठ्या पाहणीत दिसलेले नाही. मटण, कलेजी, दारू आणि साखरेची शीतपेये यांची गोष्ट वेगळी. रक्तदाबासाठी मीठ पाहा. आपल्याकडे उडदाचे पापड, लोणचे, ठेचा आणि शेवभाजी यांतूनच ते पोटात जाते, आणि पापडखार म्हणजेही सोडियमच. मे महिन्यात शरीरात पाणी कमी पडले तरी युरिक ॲसिड वाढते, म्हणून तपासणी कोणत्या दिवसांत झाली हेही सांगा.

प्रश्नकर्ता (अमळनेर):
तपासणी मे महिन्यातच, उपाशीपोटी झाली होती आणि आदल्या दिवशी आई लग्नाला उन्हात गेली होती. डॉक्टरांनी तीच गोळी चालू ठेवली आहे आणि सहा आठवड्यांनी क्रिएटिनिनसह पुन्हा तपासणी करायला सांगितले आहे. कळण्याची भाकरी आजपासून सुरू केली. पापडावरून मात्र घरात वाद चालू आहे.