दारूगोळ्यातली नोकरी म्हणजे गोदामाची राखण नव्हे

सुलभाताई, भाचा आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये, म्हणजे फौजेला दारूगोळा आणि सामान पुरवणाऱ्या शाखेत लागला तर "जन्मभर गोदामच सांभाळणार का" असं विचारलंत, म्हणून लिहितो. इंदूरला आपण फौज म्हटलं की जवळची महूची छावणी धरून चालतो. पण दारूगोळ्याची वाट जबलपूरला जाते. रात्रीच्या ओव्हरनाइट गाडीत बसा, सकाळी तिथे. या कोअरचं प्रशिक्षण देणारं कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट तिथेच आहे.

अ‍ॅम्युनिशन एक्झामिनर, म्हणजे दारूगोळा तपासणारा जवान, व्हायला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं ते उगाच नाही. गोळा दिसायला धडधाकट असतो, पण आतलं रसायन वर्षागणिक बिघडत जातं. कोणता लॉट (एका वेळी बनलेला साठा) वापरायचा, कोणता दुरुस्त करायचा, कोणता नष्ट करायचा, हे तपासणं हेच खरं काम. पुलगावच्या दारूगोळा डेपोत २०१६ साली लागलेली आग आठवा, म्हणजे ही तपासणी केवढी जोखमीची ते कळेल.

चढण नेहमीचीच: नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार. अधिकाऱ्याला २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. हे सेवाकाळाने मिळतं. खरी गाळणी कर्नलपासून, तिथे निवड मंडळ बसतं.

मला खटकतं ते वेगळंच. अग्निवीर असेल तर हातात ४ वर्षं, पुढे जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात. असं काम अंगात मुरायलाच तेवढी वर्षं जातात हो! त्याला आत्ताच सांगा, नोकरी करता करता पदवीचे फॉर्म भरून ठेव.