मेळघाट: दिवाळीला वजन वाढतं, होळीला परत घसरतं. चुकतंय कुठे?

सातपुडाकर
धारणी तालुक्यात मी दोन वर्षं एका संस्थेसोबत काम केलं, तिथली एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. पावसाळ्यात एका दीड वर्षाच्या पोरीच्या दंडाला पट्टी लावली तर लाल, म्हणजे दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या आत, तीव्र कुपोषण. तिला गावच्या व्हीसीडीसीत (ग्राम बाल विकास केंद्र, कुपोषित पोरांना अंगणवाडीतच जादा आहार देतात ते) घेतलं, अंगणवाडीच्या ताईंनी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवलं, दिवाळीपर्यंत पट्टी पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषणात आली, रजिस्टरला सुधारणा म्हणून नोंद झाली. दिवाळीनंतर गेलो तर दाराला कुलूप आणि खाट भिंतीला उभी टेकवलेली, अख्खं घर वीटभट्टीवर गेलेलं. इथला कोरकू आदिवासी माणूस कुठेही असला तरी होळीला गावी येतोच, तशी ही पण आली. पट्टी परत लाल.

१९९३ पासून मेळघाटचे बालमृत्यू पेपरात येतायत, हायकोर्टात याचिका झाल्या, योजना तर कितीतरी आल्या. आहार एका खात्याकडे, रोजगार दुसऱ्याकडे, दवाखाना तिसऱ्याकडे, पण पोर एकच ना. रोहयोची मजुरी रखडली की लोक उचल घेऊन बाहेर पडतात, बाहेर पडले की अंगणवाडी सुटते, आई गरोदर असेल तर तिच्याही अंगी काही लागत नाही, मग बाळच कमी वजनाचं जन्माला येतं आणि पुढच्या पावसाळ्यात तेच व्हीसीडीसीत. सिस्टिम्स थिंकिंग म्हणतात ते मला एवढंच कळलंय, की हे चक्र आहे आणि ते ताटापाशी तुटत नाही, दिवाळीनंतरच्या मजुरीपाशी तुटतं.

आकडेमोड
असहमत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं काय केलं ते आठवा. ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि तीन वर्षांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आणला, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. गरिबी तेवढीच होती, रस्ते तेवढेच होते. ते जर आधी रोजगार सुधारू म्हणत थांबले असते तर ती बाळं गेलीच असती. मूळ कारण शोधायचं म्हणून आजच्या लाल पट्टीकडे दुर्लक्ष होतं, मला त्याची भीती वाटते.

सातपुडाकर
व्हीसीडीसी बंद करा असं मी कुठे म्हटलंय? आणि बंगांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. बाळंतीण घराबाहेर पडत नाही, दवाखाना लांब, मग बाळ दवाखान्यात न्यायच्या ऐवजी त्यांनी उपचारच घरात नेले. कुठली कडी हलवता येईल ते आधी नीट बघितलं म्हणून जमलं.

बीटवाली
मी मुख्यसेविका होते, म्हणजे एका बीटमधल्या सगळ्या अंगणवाड्यांवर देखरेख करायची, आता रिटायर. तुमचं चक्र बरोबर आहे, पण असं सगळं सगळ्याशी जोडलेलं म्हटलं की मीटिंगमध्ये जो तो दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवतो आणि जबाबदारी कुणावरच राहत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघितलंय. मला साध्या गोष्टी हव्यात. आमच्या बीटमधली एक बाई भट्टीजवळच्या अंगणवाडीत पोराला घेऊन गेली, तिथे सांगितलं तुमचं नाव आमच्या यादीत नाही. तिनं परत तोंड दाखवलं नाही. गाव सोडताना कुठल्या भट्टीवर चाललात एवढं ताईनं लिहून घ्यायचं आणि तिकडच्या ताईला फोन करायचा, याला कुठलं थिंकिंग लागत नाही. आणि सोळा-सतराव्या वर्षी लग्न झालेल्या पोरीचं बाळ लहानच निघतं, ते या चक्रात कुणी धरलंच नाही.

आकडेमोड
बीटवाली ताईंना +१. सातपुडाकर, मजुरीचं अजून एक. २००५ च्या कायद्यात १५ दिवसांत मजुरी द्या म्हटलं होतं, समजा ती खरंच वेळेवर पडली, तरी लोक जाणारच. भट्टीवाला एकरकमी उचल देतो, घरात लग्न किंवा आजारपण असेल तर ती रक्कम आठवड्याच्या मजुरीतून कशी उभी राहणार?

सातपुडाकर
हो, इथे मी कमी पडलो. त्या पोरीच्या घरी पण आजोबांच्या दवाखान्यासाठीच उचल घेतली होती, मला हे माहीत होतं तरी मी मजुरीवरच अडून बसलो. मग गावच्या बचत गटाकडून आजारपणाला कर्ज मिळालं तर किती घरं थांबतील, हे विचारायला पाहिजे. ताई, तुमच्या बीटमध्ये दिवाळीनंतर थांबलेली घरं होती का? ती कशावर थांबली ते आठवत असेल तर लिहा, लग्नाच्या वयाचं पण त्याच घरांतून बघू.

बीटवाली
होती, सात-आठ. बहुतेकांकडे विहिरीचं पाणी होतं, गहू-हरभरा व्हायचा. दोन घरं मात्र बिनशेतीची, तिथल्या सुना अंगणवाडीत मदतनीस होत्या. उद्या जुन्या वह्या काढून बघते.