मदत हवी आहे: भोपळ्याला वाचवू की सापाच्या तोंडी देऊ?

नमस्कार मंडळी,

माझी डायनासोरांची साहसकथा क्रमशः चालू आहे. पुढचा भाग लिहायला बसलो की आधीच्या भागांवरचे प्रतिसाद डोळ्यांसमोर नाचायला लागतात आणि हात थांबतो. म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: भूगर्भशास्त्र शिकणारी मुक्ता, तिचा मामा आणि त्यांचा वाटाड्या गणपत असे तिघं नर्मदेच्या खोऱ्यातल्या एका घळीतून ६ कोटी ७० लाख वर्षं मागे जातात. कसे जातात ते विचारू नका, तो विषय पहिल्याच भागात दोन वाक्यांत उरकलाय आणि तिथेच पुरलाय. तिकडे त्यांना टायटॅनोसॉरांची, म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरांची, विणीची जागा सापडते. एक अंडं फुटतं, पिल्लू बाहेर येतं आणि मुक्ता त्याचं नाव ठेवते भोपळ्या. गेला भाग संपला तेव्हा घरट्याच्या कडेने साडेतीन मीटर लांबीचा साप सरकत होता. क्रमशः.

झालं! भोपळ्याला काही झालं तर पुढचे भाग वाचणार नाही, असं तिघा-चौघांनी स्पष्ट बजावलंय. "त्याची आई येऊ दे आणि त्या सापाला पायाखाली चिरडू दे" ही फर्माईश तर बऱ्याच जणांची आहे. उलट एका वाचकाने लिहिलंय, "पिल्लू वाचलं तर ही बालकथा समजेन आणि मुलीला वाचायला देईन." टोमणा होता की कौतुक, अजून ठरत नाही.

माझ्या आराखड्यात भोपळ्या मरतो. मुक्ताला तिथेच पहिल्यांदा कळतं की इथे आपण पाहुणे आहोत, राखणदार नाही. पण इतक्या लोकांचा जीव त्या पिल्लावर जडेल असं वाटलं नव्हतं. मोडतोड करून त्याला वाचवलं तर पुढचे भाग लंगडे होतील, आणि मारलं तर वाचक जातील. काय करू?

अजून दोन गोष्टी आहेत, पण त्या भोपळ्याइतक्या गंभीर नाहीत. एक, "टी-रेक्स कधी येणार?" हा प्रश्न प्रत्येक भागाखाली असतोच. दोन, एका चाणाक्ष वाचकाने मामाबद्दलचं माझं गुपित उघड्यावर लिहून टाकलंय, अगदी बरोबर. आता ते बदलू का?

आणि हो, गवताच्या झुडपामागे मुक्ता लपते त्यावरून जो वाद पेटला त्यावर कुणी जाणकाराने कायमचं पाणी ओतलं तर उपकार होतील. "त्या काळात गवतच नव्हतं, आधी अभ्यास करा मग लिहा" असं ठणकावलंय मला.

– दगडफोड्या

कातळवेडा:
गवतापासून सुरू करतो, कारण त्यावर मी तुमच्या बाजूने भांडायला तयार आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा सापडते. ती फोडून तपासली तेव्हा आत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं ही जुनी समजूत तिथेच मोडली. त्या कणांत भाताच्या नातलगांचेही कण होते. म्हणजे त्या वाचकाला सांगा की पुरावा आपल्याच राज्यात, आणि तोही शेणात, पडलाय.
फक्त एक पथ्य पाळा. मैलोन्‌मैल पसरलेलं गवताळ माळरान दाखवू नका, तसा नजारा फार नंतरचा. झाडांमधे मधूनच एखादं गवताचं बेट, एवढंच. मुक्ता त्यामागे खुशाल लपू दे.

निवांत पाटील:
पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! भोपळ्या वाचलाच पाहिजे. बाकी चर्चा चालू द्या.

सांजवेळ:
दादा, टी-रेक्सवाल्यांचं मनावर घेऊ नका हो. तो उत्तर अमेरिकेतला प्राणी, तुमची कथा नर्मदेकाठची, आणि भारत तेव्हा समुद्रात एकटा उत्तरेकडे सरकत होता. पोहत येणार का तो? तुमच्याकडे राजासॉरस आहे ना, आपल्याकडचा मांसाहारी डायनासोर! गुजरातेत बालासिनोरजवळ रहिओलीला १९८२ ते १९८४ दरम्यान हाडं गोळा झाली आणि २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं. डोक्यावर बुटकं शिंग, लांबी सात मीटरांच्या आसपास. माणसाला पळवायला एवढा पुरे. टी-रेक्स मागणारे दुसरं काही पाहिलेलं नाही म्हणून मागतात. राजासॉरसला एक दणदणीत प्रवेश द्या, मागणी आपोआप थांबेल. आत्तापर्यंत तो नुसता लांबून डरकाळतोय, हे माझंही गाऱ्हाणं आहे. (डरकाळी फोडायचा की नाही हा आणखी वेगळा वाद, तो आज नको.)

पानगळ:
गुपित ओळखणारी तीच मी. आधी क्षमस्व. पण बदलू नका, कळकळीने सांगते. मामा रात्री नकाशा एकटाच बघतो, गणपतच्या प्रश्नांना उडवाउडवीची उत्तरं देतो, हे तुम्ही पेरलं होतं म्हणून मला ओळखता आलं. आता फिरवलंत तर आधी पेरलेलं सगळं फुकट जाईल, आणि ज्याला ओळखता आलं नव्हतं त्यालाही नवा धक्का खोटा वाटेल. मला तर आता उलट जास्त मजा येतेय. मुक्ताला हे कधी कळतंय याची वाट बघतेय. मी ओळखलं, तिने कुठे ओळखलंय?

दगडफोड्या:
पानगळ ताई, क्षमस्व कसलं, तुमच्यासारखे वाचक मिळायला नशीब लागतं. मामाचा प्रश्न मिटला. कातळवेडा, पिसदुऱ्याची माहिती त्या भागाखाली तुमच्या नावाने चिकटवतो. आता भोपळ्याचं बोला.

कातळवेडा:
भोपळ्याचंच बोलतो. तुम्हाला ठाऊक असेल-नसेल, पण तुमचा हा प्रसंग दगडात आहे. गुजरातेत धोली डुंगरीला १९८० च्या दशकात एक घरटं निघालं. आधी ती सगळी हाडं पिल्लाचीच समजली गेली, पण २००१ मध्ये लक्षात आलं की त्यात सापाचे मणके आहेत. २०१० मध्ये त्या सापाचं सनाजेह असं नामकरण झालं. साडेतीन मीटरांचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं, आणि शेजारी साधारण अर्धा मीटर लांबीचं पिल्लू. सापाचा जबडा अख्खं अंडं गिळण्याएवढा वासत नव्हता, म्हणून तो पिल्लू बाहेर यायची वाट बघत असावा.
आता खरी गंमत. सापाने पिल्लू गिळलेलं नाही. संशोधकांचा अंदाज असा की वादळी पावसात चिखल-वाळूचा लोंढा आला आणि साप, पिल्लू, शेजारची न फुटलेली अंडी, सगळं एका दमात गाडलं गेलं. शिकारी गेला आणि शिकारही गेली. यापेक्षा जबर शेवट तुम्ही-आम्ही काय रचणार?

निवांत पाटील:
म्हणजे आई येणार नाही?? निषेध.

सांजवेळ:
पाटील, आई येणं अवघडच आहे. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी यांवरचा अभ्यास आला होता. घरटी इतकी खेटून की एवढी अवाढव्य जनावरं मधून फिरली असती तर अंडी तुडवली गेली असती. अंडी घालून निघून जात असावीत असंच त्यावरून वाटतं. खरं तर हे कथेत आणा ना दादा! मुक्ता हाका मारून मारून थकते, लांबवर मोठ्या माना दिसतात, आणि एकही मान वळत नाही. मला तर वाचण्याआधीच रडू येतंय.

पानगळ:
+१. ज्यांनी "वाचणार नाही" लिहिलंय ते सगळ्यात आधी येऊन वाचतात, हा माझा अनुभव (मी पण लिहिते अधूनमधून). ते धमकी देत नाहीत हो, भोपळ्या आवडला हे सांगताहेत. फक्त एक करा, भागाच्या शेवटच्या ओळीत मारू नका. "क्रमशः"च्या तोंडावर मरण आलं की लेखकाने ओढून आणलं असं वाटतं. मध्यावर होऊ दे, आणि मग मुक्ता त्या चिखलात हात घालून काय करते ते सावकाश येऊ दे. ती जागा गाळून पुढच्या पाठलागावर उडी मारलीत तर मात्र मी भांडेन.

दगडफोड्या:
मंडळी, मनापासून आभार. लोंढा घेतोय. तीन माणसं त्यातून कशी निसटतात ते बघावं लागेल, कारण गणपत नेमका उतारावर उभा करून ठेवलाय. आई येणार नाही, पण माना दिसतील; सांजवेळ ताई, श्रेय तुमचं. राजासॉरस लोंढ्यानंतर येतो, पुरात मेलेली जनावरं खायला, म्हणजे मला त्याला वेगळं आमंत्रण द्यावं लागणार नाही.
एकच शंका उरली. दख्खनचं पठार ज्यातून घडलं तो लाव्हा याच भागात आणू का? धूर दिसायला लागलाय असं मागे लिहून बसलोय.

कातळवेडा:
याच भागात नको, दोन संकटं एकमेकांना खातील. आणि लाव्हा काही सलग ओतत नव्हता. एक प्रवाह येऊन गेला की दुसरा येईपर्यंत मोठी शांतता असे, इतकी की थिजलेल्या खडकावर तळी साचत, झाडं वाढत. दोन प्रवाहांमधे तसे गाळाचे थर आजही सापडतात. तेव्हा नुसता धूर कितीही भाग राहिला तरी कुणी बोट ठेवू शकणार नाही.

निवांत पाटील:
बरं. पण शेजारची न फुटलेली अंडी सगळीच गाडली जायला हवीत असं काही नाही ना? सहज विचारतोय.

दगडफोड्या:
पाटील, गप्प बसा. :)