ट्रायथलॉनचं एक वर्ष, त्यातले पाच महिने दुखण्यात गेले. गोव्याला उभी राहू का?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची, वय ४१, बँकेत नोकरी, मुलगा नववीत. मागच्या जुलैत ट्रायथलॉनचं (पोहणं, सायकल, पळणं एकापाठोपाठ) डोक्यात घेतलं. तोवर पोहणं म्हणजे लहानपणी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं तेवढंच, फ्रीस्टाइल, बाजूला तोंड करून श्वास घेणं वगैरे सगळं नव्यानं शिकले. सेकंडहँड रोड बाईक घेतली, रविवारी पन्हाळ्याचा रस्ता धरायचा आणि दहाच्या आत घरी. डिसेंबरात पहिली स्प्रिंट झाली, ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. शेवटच्या वळणावर मुलगा दोरीच्या बाहेरून माझ्या बरोबरीनं पळत होता ते अजून डोळ्यासमोर आहे. त्या भरात जानेवारीत गोव्याच्या ७०.३ ला (तिन्ही मिळून ७०.३ मैलांची स्पर्धा) नाव नोंदवलं.

मग नेटवरून एक प्लॅन उतरवला आणि आठवड्याला १४ किमी पळत होते ते सात आठवड्यांत ३६ वर नेलं. दम लागतच नव्हता हो, सायकलनं छाती तयार झालेली, मग थांबायचं कशाला असं वाटायचं. फेब्रुवारीच्या शेवटी डाव्या नडगीला आतल्या अंगानं दुखायला लागलं, आधी पळून आल्यावर, मग पळताना, मग जिना उतरताना. ग्रुपमधले म्हणाले शिन स्प्लिंट असणार, बर्फ लाव. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पुन्हा पळाले, आणि मार्चमधल्या एका रविवारी विद्यापीठाच्या चढावर पाय टेकवेना. रिक्षानं घरी आले. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन हाडाला गेलेली बारीक चीर.

आठ आठवडे पळणं बंद. मग सगळा जीव पोहण्यात घातला, रोज तलाव, तर मे महिन्यात उजवा खांदा गेला. हात वर जाईना. केस बांधायला मुलाला सांगायला लागायचं, तो बिचारा काही न बोलता शाळेला जायच्या आधी माझे केस बांधायचा, ते मला फार लागलं.

मी एक वही ठेवते, दुखलं की त्या दिवसावर लाल खूण. काल सगळ्या मोजल्या, १४७ भरल्या. स्पर्धेला १४ आठवडे राहिलेत, सध्या सलग ३ किमी पळते, दुखत नाही पण भीती जात नाही. वर्ष वाया गेलं का? हे शरीर या खेळाचं नाहीच का? खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

नाशिककर५४

ताई, मी दोनदा ७०.३ केलीय, दोन्ही वेळा शेवटच्या लोकांत. माझं मत, सोडू नका. गणित मांडून बघा. एकूण वेळ साडेआठ तास. १.९ किमी पोहायला तुम्हाला समजा ५५ मिनिटं, ९० किमी सायकल ४ तासांत, दोन्ही ट्रान्झिशन (एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना कपडे-बूट बदलणं) मिळून १५ मिनिटं, म्हणजे झाले ५ तास १० मिनिटं. २१ किमीला ३ तास २० मिनिटं उरतात, म्हणजे किलोमीटरला साडेनऊ मिनिटं. भरभर चालायचं, मध्येच थोडं पळायचं, होतंय. मी शेवटचे ८ किमी चाललोय. एवढं वर्ष घातलंय तर निदान सुरुवातीच्या रेषेवर तरी उभ्या राहा असं मनापासून वाटतं.

हाडवैरी_नाही

मी फिजिओ आहे, पुण्यात, पळणारे पेशंट रोज बघते. इथं बसून निदान करत नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच पुढचं ठरवा, पण काही गोष्टी बोलायलाच हव्यात.

नाशिककर दादा, गणित बरोबर आहे पण ते घड्याळाचं झालं. ९० किमी सायकल करून थकलेल्या पोटऱ्यांवर तीन तास चालणं हे नुकत्याच भरलेल्या हाडाला हलकं नसतं. पोटरी थकली की ठोका थेट नडगीवर येतो.

ताई, तुम्ही लिहिलंय दम लागत नव्हता. नेमकं तिथंच घात होतो आणि सायकलवरून पळण्याकडे येणाऱ्यांचा जास्तच होतो. हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, हाडाचं तसं नाही. नवीन भार आला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथं नवीन भरतं, हे एक चक्र पुरं व्हायला साधारण तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ते उलट नाजूक असतं. तुमची सात आठवड्यांतली वाढ बरोबर त्या नाजूक काळात बसली. एक्स-रे सुरुवातीला नॉर्मल येणं हेही नेहमीचंच, त्यात तुम्ही फसलात असं नाही. शिन स्प्लिंटमध्ये नडगीच्या कडेनं लांबवर दुखतं, फ्रॅक्चरमध्ये अंगठ्यानं दाबलं की एकच जागा ओरडते. हे ग्रुपवर कुणी सांगत नाही, सगळे बर्फ सांगतात.

आता मला दोन प्रश्न विचारायचेत, अवघड वाटलं तर इथं उत्तर नका देऊ, मेसेज करा. एक, डिसेंबर ते फेब्रुवारी पाळी नियमित होती का? दोन, सकाळी पाचला बाहेर पडताना पोटात काय असायचं?

मिरामारची_वाट

मी पणजीत असते. दर वेळी रस्त्याच्या कडेला उभी राहून लोकांना पाणी देते, म्हणून एवढंच सांगते की पळण्याचा टप्पा येतो तेव्हा ऊन टळटळीत असतं आणि दमट हवेत घाम वाळतच नाही. चालत का होईना पूर्ण करू म्हणणारे बरेच जण तिथं बसतात. ज्यांनी रिले केली, म्हणजे तिघांनी एकेक टप्पा वाटून घेतला, त्यांचे चेहरे मात्र मी बघितलेत, पोहून बाहेर आलेली बाई पुढच्याच्या घोट्याला वेळ मोजायची चिप बांधते तेव्हा तिचा आनंद काही कमी नसतो. वैयक्तिकवरून रिलेमध्ये बदलता येतं का ते आयोजकांना विचारून बघा.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे आभार. फिजिओ ताई, इथंच लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

तुमचे दोन प्रश्न वाचून वही परत काढली. त्यात किलोमीटर आहेत, दुखणं आहे, खाणं कुठंच लिहिलेलं नाही. डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार होते, आणि गुरुवारीच माझी लांब सायकल असायची कारण त्या दिवशी दुपारची ड्यूटी. म्हणजे ५० किमी सायकल आणि मग रात्रीपर्यंत उपवास, साबुदाणा पण नाही. बाकी दिवशी पाचला फक्त चहा, पळून आले की डबे, मुलाचं, माझं, नवऱ्याचं, मग उरलेली अर्धी पोळी उभ्यानं. चार किलो उतरले तेव्हा सगळे छान म्हणाले, मलाही छान वाटलं. पाळी जानेवारीत आली नाही, फेब्रुवारीत नाही. वय झालं असेल म्हणून कुणाला बोलले नाही, आईची पण लवकर गेली होती.

हे दोन्ही एकमेकांना जोडलेलं असेल असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी पण विचारलं नाही.

हाडवैरी_नाही

लिहिलंत फार बरं केलंत. व्यायामाला पुरेल एवढं अन्न मिळालं नाही की शरीर आधी पाळी थांबवतं आणि हाड बांधायचं काम मागे टाकतं. स्ट्रेस फ्रॅक्चर आलेल्या बाईला हा प्रश्न पहिला विचारायला हवा. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण या वयात दुसरी कारणंही असतात. ड जीवनसत्त्व आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा.

शरीर या खेळाचं नाही असं मला तरी यात कुठं दिसत नाही. पोटात चहा टाकून १४ चे ३६ किमी केले तर विशीतल्या मुलीचंही हेच झालं असतं.

पळणं एक दिवस आड ठेवा, ४ मिनिटं पळणं १ मिनिट चालणं. निघायच्या आधी त्या पायावर दहा उड्या, एकही दुखली तर त्या दिवशी सायकल. गुडघा वाकवून टाचा उचलायचा व्यायाम रोज, खोलवरची पोटरी त्यानं बनते. खांद्यासाठी पाण्यात हात आत टाकताना डोक्यासमोर आडवा जातोय का ते कुणाला तरी काठावरून बघायला सांगा. आणि निघण्याआधी केळं किंवा गूळ-पोळी, यात तडजोड नाही.

नाशिककर५४

ताई, माझा सल्ला मागे घेतो. हे सगळं माहीत नव्हतं मला. आमच्या ग्रुपमध्ये तीन मुली आहेत, हा धागा त्यांना पाठवतोय.

रंकाळाकाठ

दहा दिवसांनी लिहितेय. ड जीवनसत्त्व १२ आलं, औषध चालू केलंय. डॉक्टरीणबाईंनी आणखी काही तपासण्या सांगितल्यात, त्या पुढच्या आठवड्यात. आयोजकांना मेल केलाय, रिलेचं उत्तर यायचंय.

वहीत आता तिसरा रकाना केलाय, काय खाल्लं. आज ४ किमी झाले, उड्या दहाच्या दहा, आल्यावर अंगठ्यानं दाबून बघितलं, काही नाही. निघताना दोन केळी खाल्ली होती. मुलगा सायकलवर मागून येत होता.

रिले झाली तर पोहणं माझं. सायकलला आमच्या बँकेतले एक जण तयार आहेत. पळायला कुणी नाही अजून, कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडचं कुणी असेल तर कळवा, वेगाची अट नाही.