मदत हवी आहे: बाबांचं परतीचं तिकीट पुढे ढकलू का? (डिव्हिजन थ्री आइस हॉकी)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत कॉलेजात आइस हॉकी खेळणाऱ्या मुलांचे आईवडील इथे कोणी असतील तर कृपया लवकर उत्तर द्या. निर्णय याच आठवड्यात घ्यायचा आहे.

माझा मुलगा न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या कॉलेजच्या संघात डिफेन्सला खेळतो, तिसऱ्या वर्षाला आहे. डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांचा तिसरा स्तर, खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. पोरं निव्वळ आवडीपायी खेळतात. बाबा डिसेंबरपासून आमच्याकडे आहेत. वय 76, खडकीत वाढले, तरुणपणी तिथेच मैदानावरची हॉकी खेळले. नातवाची स्टिक हातात आली तेव्हा किती तरी वेळ ती उलटसुलट करून बघत होते. "दोन्ही बाजूंनी मारता? आमच्याकडे उलट्या बाजूला चेंडू लागला की शिट्टी!" मग खुर्चीतून उठून त्यांनी हॉलमध्येच पकड दाखवली, डावा हात वर, उजवा खाली. तेव्हापासून घरची एकही मॅच चुकवलेली नाही. तोंडावर पूर्ण जाळी असते, चेहरा दिसत नाही, तरी पळण्यावरून नातू ओळखतात.

येत्या शनिवारी कॉन्फरन्सची (आमच्या गटातल्या कॉलेजांची) फायनल आहे. जिंकलो तर राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. हरलो तर उरलेल्या जागा एनपीआयच्या (हंगामातल्या निकालांवरून काढलेल्या क्रमवारीच्या) गुणांवर ठरतात, आणि आम्ही अगदी काठावर आहोत. बाबांचं विमान 20 मार्चला. राष्ट्रीय स्पर्धेची सेमीफायनल आणि फायनल मार्चच्या अखेरीस. तिकीट बदलायचं तर दंड आणि भाड्यातला फरक मिळून बरीच रक्कम होते, आणि एक मॅच हरलं की सगळं संपतं. राष्ट्रीय स्पर्धा होबार्टने 2023 ते 2025 सलग तीनदा जिंकली, मिडलबरीने 1995 ते 1999 सलग पाचदा. अशा कॉलेजांसमोर आमची पोरं कुठवर जातील, सांगता येत नाही. नवरा म्हणतो, थांबू, निकाल बघू. पण 2020 ला कोविडमुळे स्पर्धा तोंडावर आलेली असताना रद्द झाली, 2021 लाही झाली नाही, हे आठवलं की "पुढच्या वर्षी बघू" म्हणवत नाही. बाबांचा पुढचा हिवाळा इथे होईलच असंही नाही.

सुरुवातीच्या फेऱ्या वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) होतात ना? म्हणजे आम्हाला मेन किंवा विस्कॉन्सिनलाही जावं लागू शकतं. मॅच ठरल्यावर हातात किती दिवस मिळतात? हॉटेल आधीच धरून ठेवता का?

दुसरं, थंडी. बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पण गेल्या मॅचला दोन स्वेटर, कानटोपी, शाल असूनही तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पीरियडला पाय गार पडले होते. बाकाखालचं काँक्रीट फार थंड असतं. मी शेवटी माझी पिशवी त्यांच्या पायाखाली सरकवली. वयस्कर माणसांना घेऊन जाणारे काय करतात?

आणि एक बाबांचा प्रश्न. ऑफसाइड त्यांना लगेच कळला, कारण त्यांच्या काळी हॉकीतही होता. आइसिंग मात्र पटत नाही. लांबून पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) पलीकडे भिरकावला की शिट्टी, मग एक गडी शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना त्याच्या संघाने तेच केलं तर का चालतं? "दोषी संघालाच सवलत?" म्हणतात. मला नीट समजावता आलं नाही. कोणी मराठीत लिहून दिलंत तर रात्री त्यांना वाचून दाखवीन.